चारी चाकांना जोर

२ जानेवारी, उंब्रज

टायर कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो आणि दरवर्षी ती अम्माच्या पानाच्या डब्याखाली जाऊन बसते. यंदा मी ती काढून घेतली. यंदा लिहिण्यासारखं घडणार आहे.

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणून लिहितो. अश्फाक मुल्ला, हायवेला सीटकव्हरचं दुकान. दिवाळीत मी पुण्याहून गाडी आणली. वापरलेली आहे, पण ऑल व्हील ड्राइव्ह. म्हणजे इंजिनाचा जोर चारी चाकांना जातो. आत एक गोल बटण आहे, त्यावर वाळू, चिखल आणि बर्फ अशी तीन चित्रं आहेत. शेजारचा पंक्चरवाला, नाव गुंडा, रोज येऊन ते बटण बघतो आणि म्हणतो, "गड्या, उंब्रजात बर्फ पडतोय व्हय रं? का तारळी नदीतनं न्हेणार हायस?"

आता बघू म्हणावं कोण हसतं. आमची एकुलती एक मदिहा दीड वर्षापासून हिमाचलात आहे. मनालीच्या वर डोंगराखालून मोठा बोगदा काढलाय, त्याच्या पलीकडे लाहौल म्हणून मुलूख आहे. तिथं सिस्सू गावात बर्फाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. डोंगरावर किती बर्फ साठला, तो कधी घसरेल, हे बघायचं. नोकरी कच्ची आहे. लोक विचारतात, पोरगी काय करते? मी सांगतो, सरकारी खात्यात आहे. बर्फ बघते असं कसं सांगणार?

साताऱ्याच्या शमशेरभाईंच्या सद्दामचं स्थळ आलं आहे. फर्निचरचा मोठा कारभार, मुलगा शांत. रमजानच्या आधी निकाह उरकायचा असं आमचं ठरलं. पोरगी त्या थंडीत एकटी अडकून पडण्याआधी आपणच जाऊन घेऊन यायची. तिला काही सांगितलेलं नाही. गाडी दारात बघून तिला जो आनंद होईल तो फोनवर कशाला वाया घालवा?

अम्मा म्हणाली, "पोरीला इचारलंस का?"

म्हातारपणी माणूस काहीही विचारतो.

६ जानेवारी, पुणे

निघालो. बायकोने, आयेशाने, गाडी गच्च भरली आहे. ज्वारीचं पीठ, कांदालसणाची चटणी, काळा मसाला, दोन जाड वाकळा, लोकरीचे चार मोजे आणि प्रेशर कुकर. मी म्हटलं, "अगं, आपण पोरीला आणायला चाललोय. पोचवायला न्हाई."

"असू द्या. वाटंत लागतंय."

वाटेत कुकर कशाला लागतो हे मला कळलं नाही. पण बाईमाणसाचं सामान आणि सरकारचं बजेट, यात डोकं घालू नये.

१२ जानेवारी, अजमेर

आम्ही इथं एक दिवस थांबणार होतो. आयेशाला दर्ग्यातून पाय निघेना. "आणखी एक जुम्मा..." म्हणाली. मी म्हटलं, जुम्म्याला चार दिवस आहेत. याआधीच पुण्यात तिच्या बहिणीकडे दोन दिवस गेले, उदयपूरला तलाव बघायचा म्हणून एक. सव्वीस वर्षांच्या संसारात हिने कधी तलाव मागितला नव्हता. मी रागावलो नाही. उभं आयुष्य उंब्रज आणि पलूसमध्ये गेलेली बाई, तिला जग बघू दे.

गाडी उत्तम चालते आहे. रस्ता सपाट आहे, त्यामुळं चारी चाकांचा जोर अजून दिसलेला नाही.

१९ जानेवारी, मंडी

हिमाचलात शिरलो. इथं आकारामकडे उतरलो आहोत. आकाराम आयेशाच्या माहेरचा, पलूसचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, तसा हा वीस वर्षांपूर्वी मंडीत आला. बोलणं अजून तसंच. दारात आयेशाला बघून म्हणाला, "आक्का! लय दिसानं गं." बायकोने पिठलं केलं होतं. मला वाटलं, हजारो मैलांवर येऊन पलूसलाच पोचलो की काय.

पण आयेशाची तब्येत बिघडली. पोटात गोळा येतो म्हणते. डॉक्टरला काही सापडलं नाही. नुसतं पडून राहायचं म्हणते. मी हवामानाच्या बातम्या बघतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. वर बर्फ येणार म्हणतात.

२२ जानेवारी, मंडी

आज चमत्कार झाला. दुपारी आयेशा आतल्या खोलीत मदिहाशी हळू आवाजात फोनवर बोलत होती. मी दाराबाहेर होतो. "झाली का गं मुलाखत? कायम झालं? खरंच कायम झालं?" एवढंच ऐकू आलं. मला भीती वाटली, पोटदुखीच कायमची झाली की काय. आत गेलो तर ही पलंगावर उठून बसलेली, डोळे पुसत हसते आहे.

"गोळा गेला," म्हणाली. "चला, कवा निघायचं?"

जेवायला तीन भाकरी खाल्ल्या. थंड हवा मानवली असणार.

आकाराम मात्र म्हणाला, "दाजी, चार दिस थांबा. वर लय पडणार हाय. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या."

मी त्याला गाडीपाशी नेलं, बटण दाखवलं. त्याने बराच वेळ बर्फाच्या चित्राकडे बघितलं. "चित्र झ्याक हाय," म्हणाला.

२३ जानेवारी, मनाली

बर्फ बघितला! रस्त्याच्या कडेला, छपरांवर, झाडांवर. आयेशाने हातात घेऊन बघितला आणि लगेच टाकून दिला. एक पोऱ्या मागे लागला होता, चाकांना गुंडाळायच्या साखळ्या भाड्याने घ्या म्हणून. मी म्हटलं, बाबा, त्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना. आमच्या चारी चाकांना जोर आहे.

आयेशाने मदिहाला फोन करून आम्ही आल्याचं सांगून टाकलं. आनंद गेला वाया. मदिहा मला म्हणाली, "अब्बा, मनालीतच थांबा. उद्या वादळ हाय. मी सांगेपर्यंत हलू नका." आवाज चढवून बोलली. मी म्हटलं, बरं बरं. पोर काळजीने बोलते. उद्या लवकर निघालं की वादळाच्या आधी पोचतो.

२४ जानेवारी, गाडीत

पेन चालत नाही. आयेशाच्या पिशवीतल्या पेन्सिलीने लिहितो आहे.

सकाळी पोलिसांनी वाटेत अडवलं. विचारलं, "फोर बाय फोर?" आयुष्यात ज्या प्रश्नाची वाट बघितली तो हाच. मी "हां साहब" म्हटलं, बटण दाखवलं. तो पुढचं काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात मागे एक बस आडवी झाली आणि तो तिकडे पळाला. आम्ही पुढे निघालो. आरशात बघितलं तर आमच्यामागच्या सगळ्या गाड्या परत फिरवत होते. आमचं नशीब.

बोगद्यात झगझगीत उजेड, कोरडा रस्ता. बाहेर पडलो आणि जग पुसलं गेलं. आभाळ नाही, डोंगर नाही, गाडीचं नाकसुद्धा नाही. वारा असा की बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. बटण बर्फावर फिरवलं. पूल कसाबसा ओलांडला. पुढे उतार लागला, मी ब्रेक दाबला आणि गाडीने माझं ऐकायचं बंद केलं. आम्ही आडवे झालो, तसेच वाहत गेलो आणि मागच्या बाजूने कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतलो. उजव्या हाताला नदीची दरी आहे. आम्ही डाव्या हाताला गेलो. अल्ला मेहरबान.

गियर टाकला. चारी चाकं फिरली. कंपनी खोटं बोलत नाही, चारीच्या चारी फिरली. पण जागच्या जागी.

आयेशाचा फोन लागला होता. मदिहा म्हणाली, "कुठं हायसा?" आयेशा म्हणाली, "पांढऱ्यात." मग पूल सांगितला आणि फोन गेला.

इंजिन चालू ठेवलं आहे, हीटर झकास. बाहेर काचांपर्यंत बर्फ चढला. आयेशा रडते. "माझ्यामुळंच झालं वो. उशीर मी केला."

म्हटलं, "येडी का काय? पोटदुखी कुणी मुद्दाम आणतं का?"

त्यावर ती आणखीच रडली.

डोकं जड झालंय. उंचीमुळं असणार. आयेशा सारखी तिच्या बाजूची काच खाली करते. बर्फ आत येतो. मी तीनदा ओरडलो. म्हणते, "जीव गुदमरतोय. न्हाणीत गिझरनं माणसं जात्यात तसं व्हतंय." गाडीत गिझर कुठला? बाईला कोण समजावणार. झोप फार येते. डोळे मिटले की ही चिमटा काढते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिमटा

२६ जानेवारी, सिस्सू

वरचं वाक्य अपुरं राहिलं, कारण आयेशाने पेन्सिल हिसकावून घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दोघं वाकळा पांघरून बसलो. वाकळा नसत्या तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग समोर दोन पिवळे डाग दिसले. डाग हलत हलत मोठे झाले. एक जुनाट जीप, चाकांना साखळ्या गुंडाळलेल्या, बैलासारखी हळू चालत आली आणि आमच्यासमोर थांबली. ड्रायव्हर उतरला. तोंडाला फडकं, हातात फावडं. आधी आमच्याकडे न येता तो गाडीच्या मागे गेला आणि धुराच्या नळीपाशी खणायला लागला. मग माझ्या काचेवर थाप मारली, फडकं खाली केलं.

मदिहा.

"काच कुणी उघडी ठेवली?" तिने विचारलेला पहिला प्रश्न. सलाम नाही, दुवा नाही.

मी आयेशाकडे बोट दाखवलं. म्हटलं, किती सांगितलं, ऐकत नाही.

मदिहा दुसऱ्या बाजूने गेली, दार ओढून उघडलं आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. मग रडत रडत मला म्हणाली, "अब्बा, नळी बर्फात बुजली होती. धूर आतच येत होता. आणखी थोडा वेळ काच बंद असती तर तुमी दोघं झोपेतच गेला असता."

थंडीने जबडा धरला होता.

तिने दोरखंड बांधला, जीप मागे घेतली, आमची गाडी ओढून बाहेर काढली. आम्हाला जीपमध्ये बसवलं, माझी गाडी तिथंच कडेला लावून ठेवली. वाटभर मी तिच्या पायांकडे बघत होतो. ब्रेकला ती जवळजवळ हातच लावत नाही, म्हणजे पाय. नुसत्या गियरवर उतरवते. मी तिला कधी स्टिअरिंग धरू दिलं नव्हतं. हायवेचं गाव, मुलीच्या जातीला काय करायची गाडी?

"हिला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

मागून आयेशा म्हणाली, "कराडला शिवणक्लास लावला हुता बघा."

"मग?"

"त्यो शिवणक्लास नव्हता."

२७ जानेवारी, सिस्सू

वादळ थांबलं. निळं आभाळ, डोळे दिपतात. पोरीची खोली लहान आहे, मध्ये लाकडाची शेगडी, त्यावर आमचा कुकर. आयेशा पाहुणी आल्यासारखी नाही, इथंच राहत असल्यासारखी वावरते आहे. सकाळी भाकरी थापल्या, तर शेजारची एक म्हातारी बघायला येऊन बसली आणि चार खाऊन गेली.

मी मदिहाला शमशेरभाईंचं सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "मला इथं कायम केलंय, अब्बा. बावीस तारखेला."

बावीस तारीख मला कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली. आयेशा भांडी घासायला बाहेर गेली. बाहेर पाणी गोठलेलं होतं.

मी म्हटलं, ते नंतर बघू. आज ऊन आहे, रस्ता मोकळा करतायत, गाडी तिथं पडली आहे, सामान बांधा, आजच निघू.

"आज न्हाई."

"का न्हाई?"

"वरचा उतार भरलाय. ऊन लागलं की खाली येणार. मी गावालापण सांगितलंय, आज त्या बाजूला कुणी जायचं न्हाई."

आणि खरंच, सगळं गाव घरात. मेंढरं आत, माणसं आत, बर्फ काढणारे मशीनवालेपण काम टाकून चहा पीत बसलेले. चोवीस वर्षांची पोर एक शब्द बोलली आणि गाव बसलं. माझ्या घरात मी बोललो तर मांजर उठत नाही.

मला राग आला. मी एकटा जातो म्हटलं, तिच्याकडची माझ्या गाडीची किल्ली मागितली. तिने दिली नाही. मी बाप आहे म्हटलं. ती म्हणाली, "म्हणूनच देत न्हाई."

दुपारी पितळी डबा पडल्यासारखा एक आवाज झाला, मग खडीचे शंभर डंपर एकदम मोकळे केल्यासारखा. समोरच्या डोंगराची एक बाजू सुटली. पांढरी धूळ आभाळात गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. ती बसली तेव्हा रस्ता दिसत नव्हता. ज्या ठिकाणी मी त्या वेळी असतो, ती जागाच नव्हती.

शेजारची म्हातारी आली, मदिहाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. माझी गाडी त्या जागेच्या अलीकडे आहे, वाचली.

योगायोग म्हणता येईल. पण मी संध्याकाळपर्यंत तो शब्द तोंडात घोळवला आणि काही केल्या बाहेर येईना.

३१ जानेवारी, सिस्सू

रस्ता साफ झाला. मी निघणार. आयेशा म्हणते, ती इथंच राहते, थंडी संपेपर्यंत.

"आणि मी?"

"अम्मा हाईत की. रमजानात अम्मांना एकटं ठेवू नका."

मी म्हटलं, तू गाडीत पुन्हा आजारी पडशील म्हणून भितेस का? ती हसली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आवं, तुमी लय चांगलं हायसा." ही स्तुती होती असं धरून चालतो.

मदिहाने माझ्या चाकांना साखळ्या चढवल्या. मी म्हटलं, चारी चाकांना जोर आहे.

"जोर हाय, अब्बा. पण पकड कुठाय? आणि थांबायला सगळ्या गाड्यांना चारच चाकं."

ती जीप घेऊन पुढे, मी तिच्या चाकोरीतून मागे. बोगद्याच्या तोंडाशी थांबलो. साखळ्या काढता काढता ती म्हणाली, "निकाहाला माझी ना न्हाई. पण मी इथनं हलणार न्हाई. सद्दामला इचारा, तो इथं येऊन ऱ्हाईल का."

मला हसू आलं. मुलाला असं विचारायची पद्धत आहे का? मुलगा काय म्हणेल?

मुलीला तरी आपण कुठं विचारलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. बोगद्यात सुचलं. बोगदा फार लांब आहे.

१० फेब्रुवारी, उंब्रज

पोचलो. गुंडा धावत आला. "कसं काय चाललं रं बटण?"

मी म्हटलं, बटण चाललं. गाडी नाही चालली.

तो हसायचा थांबला. मग मी त्याला सगळं सांगितलं, बर्फ कसा साठतो, ऊन लागलं की कसा सुटतो, गाव कसं बसून राहिलं. तासभर बोललो असेन. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, तेही ऐकत बसलं. अम्मा आतून म्हणाली, "आता कुणाचं कवतिक लावलंय?"

शमशेरभाईंचा फोन आला. म्हटलं, रमजान होऊ द्या.

२४ मार्च

ईद झाली. व्हिडिओवर दोघींनी सलाम केला. मागे अजून पांढरंच. आयेशाचे गाल लाल झालेत. म्हणाली, शेजारच्या म्हातारीला शिरखुर्मा दिला. लाहौलात शेवया कुठून आल्या विचारलं, तर म्हणाली, "घरनंच आणल्या हुत्या की जानेवारीत."

शमशेरभाईंना म्हटलं, थोडं थांबा, घरातलं माणूस परत येऊ द्या.

१७ मे

आयेशा गेल्या महिन्यात रेल्वेने परत आली. आकारामने बसवून दिली. आल्यापासून घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते. मीही बंद करत नाही.

आज ऊन असं की हायवेचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानात पंख्याखाली बसलो होतो, तर शमशेरभाईंचा फोन. मोकळा माणूस, सरळ विचारलं, "अश्फाकभाई, एकदा काय ते सांगा. पोरगी कवा येतीय?"

मला सांगता आलं असतं. मुलीची नोकरी पक्की झाली, ती तिथंच राहणार, सद्दामला विचारून बघा. तोंड उघडलंही होतं. आतल्या दारात आयेशा येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत.

"रस्ता बंद हाय, शमशेरभाई," मी म्हटलं.

"आवं, मे म्हयना हाय हा!"

"व्हय," मी म्हटलं, "पण ह्यो आपल्याकडचा मे."